फिट्स थांबल्या तरी डोक्यातल्या पाण्यावर लक्ष ठेवा

एपिलेप्सीचं मोठं ऑपरेशन झालं की घरच्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, फिट आली का नाही आली. साहजिकच आहे, वर्षानुवर्षं त्या झटक्यांपायी रात्रीची झोप गेलेली असते, औषधांवर औषधं बदलून झालेली असतात, आणि आता पहिल्यांदा पोर शांत झोपलेलं दिसतं. मी लहान मुलांच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात नर्स आहे, आणि नेमकं तेव्हाच मी आईबाबांच्या मागे लागते की फिट्सची वही बंद करू नका, फक्त आता त्यात पाण्याचं लिहायला लागा. पाणी म्हणजे मेंदूतलं पाणी, सीएसएफ. या ऑपरेशननंतर जे त्रास होतात त्यातले बरेचसे या पाण्याचेच असतात, साचणं, गळणं, त्यात जंतू जाणं. आणि त्यातला साचण्याचा त्रास कधीकधी इतक्या उशिरा येतो की तोपर्यंत ऑपरेशन झालं होतं हेही रोजच्या धावपळीत मागे पडलेलं असतं.

आधी थोडं समजून घेऊ, फार नाही. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, तिथे हे पाणी सतत तयार होतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतं फक्त १५० मिलीलिटरच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं पाणी बदलतं. तयार होतं तेवढंच मेंदूच्या आवरणातल्या बारीक जाळ्यांमधून रक्तात परत जातं, हा हिशोब बसला की सगळं ठीक. ऑपरेशनमध्ये काय होतं, रक्त आणि कापलेल्या भागाचा कचरा या पाण्यात मिसळतो आणि त्या जाळ्यांवर बसतो. नळ चालूच आणि मोरीत गाळ, मग पाणी तुंबणारच. यालाच हायड्रोकेफॅलस म्हणतात.

सगळ्या ऑपरेशनांना हा धोका सारखा नाही हे आधीच सांगते, उगाच कोणी घाबरू नये. टेम्पोरल लोबचा, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागाचा, छोटा तुकडा काढतात त्यात पाणी तुंबणं क्वचितच होतं. पण हेमिस्फेरेक्टॉमी किंवा हेमिस्फेरॉटॉमी, म्हणजे मेंदूची एक अख्खी बाजू काढणं किंवा जागेवर ठेवून तिचे संबंध तोडणं, तिथे मात्र हा धोका मोठा आहे. २०१३ मध्ये बऱ्याच सेंटर्सनी मिळून ६९० पेशंट्सची माहिती छापली होती, त्यात २३ टक्क्यांना हायड्रोकेफॅलससाठी उपचार करावे लागले. म्हणजे जवळजवळ चारातलं एक मूल. आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे, ज्यांना उपचार लागले त्यातल्या २७ टक्क्यांना ते ऑपरेशनच्या ९० दिवसांनंतर लागले, आणि सगळ्यात उशिराचा पेशंट तर साडेआठ वर्षांनी आला होता. साडेआठ वर्षं! बाळ असताना ऑपरेशन झालेलं मूल तोवर तिसरी-चौथीत गेलेलं असतं. त्याच अभ्यासात दिसलं की पूर्ण बाजू काढून टाकलेल्यांना आणि मेंदूचं आधी एखादं ऑपरेशन झालेल्यांना धोका जास्त होता.

पूर्ण काढण्याऐवजी संबंध तोडण्याकडे सर्जन का वळले यामागेही पाण्याचीच गोष्ट आहे. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्रायनॉ या सर्जननी मेंदूची एक बाजू काढलेल्या १२ पेशंट्सची माहिती छापली आणि ही पद्धत जगभर पसरली, फिट्स थांबत होत्या, सगळे खूश. मग काही वर्षांनी अशा पेशंट्सपैकी काही जण बिघडायला लागले. १९६६ मध्ये ओपनहायमर आणि ग्रिफिथ या डॉक्टरांनी दाखवलं की रिकाम्या झालेल्या मोठ्या पोकळीत थोडं थोडं रक्त झिरपत राहतं आणि त्यातलं लोह मेंदूच्या पृष्ठभागावर साठतं, आणि त्याच्यासोबत हायड्रोकेफॅलस. मग कॅनडात माँट्रियलमध्ये रासमुसेन या सर्जननी १९७० च्या दशकात काही भाग जागेवर ठेवून बाकीचे संबंध तोडायला सुरुवात केली, पोकळी लहान झाली तसा तो जुना त्रास जवळजवळ दिसेनासा झाला. नंतर व्हिलम्यूर, डेलालांद या सर्जननी आणखी कमी कापून तेच साधलं. आज तुमचे सर्जन "आम्ही हेमिस्फेरॉटॉमी करू" म्हणतात त्यामागे इतक्या मुलांनी सोसलेलं आहे, मला हे आठवलं की पोटात तुटतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय काळजी घेतात ते आईबाबांना सहसा कोणी सांगत नाही म्हणून थोडक्यात. रक्तस्राव बारकाईने थांबवतात, पलीकडच्या चांगल्या बाजूच्या व्हेंट्रिकलमध्ये रक्त जाऊ नये म्हणून मधल्या वाटेवर कापसाची छोटी पट्टी ठेवतात, शेवटी पोकळी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतात. रक्त थांबवणारे पदार्थ आत जास्त राहू नयेत असंही बरेच जण बघतात, कारण त्या २०१३ च्या माहितीत ते वापरलेल्यांमध्ये पाणी तुंबण्याकडे थोडा कल दिसला होता. मेंदूचं वरचं आवरण पाणी गळणार नाही असं घट्ट शिवतात, आणि कानामागच्या हाडातल्या हवेच्या खणांना कट लागला असेल तर ते मेणाने बंद करतात, नाहीतर पाणी तिथून कानात नाहीतर नाकात उतरतं. ऑपरेशनआधीच्या भेटीत तुम्ही सरळ विचारा, डॉक्टर, ड्रेन म्हणजे पाणी बाहेर काढायची नळी ठेवणार का, किती दिवस, आणि पुढे पाणी साचलं तर काय करणार. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो, मी पाहिलंय.

आता ड्रेन, याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण इथे घरच्यांच्या हातात बरंच काही असतं. ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांच्या डोक्यातून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते, ती कॉटशेजारच्या स्टँडवर स्केल लावलेल्या चेंबरला जोडलेली असते आणि खाली बॅग. रक्ताळलेलं पाणी पोकळीत फिरत बसण्यापेक्षा बाहेर यावं यासाठी ते असतं. पहिल्या दिवशी पाणी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, मग हळूहळू स्वच्छ, असा रंग बदलत जातो आणि आम्ही तो प्रत्येक शिफ्टला लिहितो. गुलाबी झालेलं पाणी अचानक परत लाल झालं तर लगेच आवाज द्या, सिस्टर बिझी दिसल्या तरी द्या.

या ड्रेनची सगळी गंमत उंचीत आहे. स्केलवरचा शून्य मुलाच्या कानाच्या पुढच्या छोट्या उंचवट्याच्या लेव्हलला ठेवतात आणि चेंबर त्याच्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या सेंटीमीटरवर. म्हणजे डोक्यातलं प्रेशर त्या उंचीच्या वर गेलं तरच पाणी बाहेर येणार. आता तुम्ही प्रेमाने बाळाला जरा वर उचललं, किंवा त्याला बसावंसं वाटलं म्हणून कॉटचं डोकं वर केलं, तर डोकं चेंबरच्या वर जातं आणि पाणी भसाभस बाहेर, त्याने पोकळी आकसते आणि मेंदूवरची छोटी शीर ताणून तुटू शकते. उलट कॉट खाली गेली तर पाणी येणंच बंद आणि आत प्रेशर वाढतं. म्हणून उचलायच्या, बसवायच्या, कूस बदलायच्या आधी सिस्टरला बोलवायचं, ती ड्रेन क्लॅम्प करेल, मग हलवायचं, मग परत लेव्हल लावून उघडायचं. हे उघडायचं विसरणं पण तितकंच वाईट बरं का, त्यामुळे "सिस्टर, उघडलं ना?" असं विचारणाऱ्या आया मला मनापासून आवडतात, राग वगैरे अजिबात येत नाही. खोकताना किंवा रडताना थोडं जास्त पाणी येतं, तेवढं चालतं. नळीतल्या पाण्याची कड नीट बघितली तर ती नाडीच्या ठोक्याबरोबर बारीक बारीक वरखाली होताना दिसते, म्हणजे नळी मोकळी आहे. ती हलायची थांबली आणि पाणीही येत नाहीये तर सांगा, नळीत गुठळी अडकलेली असू शकते.

ड्रेन जितके दिवस राहतो तितका जंतू जायचा धोका वाढतो, म्हणून जास्त दिवस ठेवणंही बरोबर नाही. काढायच्या आधी साधारणपणे तो बंद करून किंवा हळूहळू उंच करून बघतात, मूल सहन करतंय का. हे दिवस फार महत्त्वाचे असतात, तेव्हा घरचं कोणीतरी असं जवळ असावं ज्याला मुलाचं नेहमीचं रडणं आणि हे रडणं यातला फरक कळतो. मॉनिटरला तो कळत नाही. आणि हो, ड्रेन ठेवला म्हणजे पुढे पाणी साचणारच नाही अशी हमी नाही, तसं कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा.

ताप. हेमिस्फेरॉटॉमीनंतर पहिले काही दिवस ताप येणं इतकं कॉमन आहे की आम्ही तो धरूनच चालतो. बऱ्याचदा पाण्यात मिसळलेल्या रक्तामुळे आवरणाला सूज येते, मूल चिडचिड करतं, मान हलवू देत नाही, आणि यात जंतू नसतात. स्टिरॉइडने बरं वाटतं. पण जंतूंचा मेंदूज्वर बाहेरून अगदी असाच दिसतो, त्यामुळे पाण्याची तपासणी आणि कल्चर केल्याशिवाय "हा साधाच ताप आहे" असं म्हणता येत नाही. पुन्हा तपासणी म्हटलं की घरचे वैतागतात, मला समजतं, पण या एका बाबतीत डॉक्टरांना अडवू नका.

मग सोडियम. याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं आणि फिट्सच्या पेशंटमध्ये तर ते असायलाच हवं. मेंदूच्या ऑपरेशननंतर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, नॉर्मल १३५ ते १४५ असतं, आणि ते बरंच खाली गेलं, विशेषतः झपाट्याने गेलं, की मेंदूला सूज येते, गुंगी येते, आणि फिट येते. मग सगळे हादरतात, ऑपरेशन फेल गेलं म्हणून रडारड, आणि असतं फक्त सोडियम. यातली अडचण अशी की सोडियम दोन वेगळ्या कारणांनी उतरतं, एकात शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून पाणी कमी द्यावं लागतं, दुसऱ्यात लघवीतून मीठ आणि पाणी दोन्ही जातं म्हणून उलट भरून द्यावं लागतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यासाठीच आम्ही लघवी मोजतो, डायपरचं वजन करतो, आणि म्हणूनच तुम्ही मुलाला चोरून दोन घोट पाणी दिलंत तर तेसुद्धा सांगा, रागावणार नाही, फक्त चार्टवर लिहायचंय. सलाईनसुद्धा याच कारणाने रक्ताइतक्याच खारटपणाचं, ०.९ टक्केवालं देतात, पातळ नाही. आणि मूल कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन घेत असेल तर ही औषधं स्वतःच सोडियम उतरवतात, तेव्हा ऑपरेशनच्या टीमला औषधांची यादी देताना ही नावं मोठ्याने सांगा.

गळणं आणि टाक्याखालची सूज, हे वॉर्डात पण होतं आणि घरी गेल्यावर पण. एकदा एका आईने मला सकाळी बोलावलं, म्हणाली, सिस्टर काही नाही हो, फक्त उशी ओली लागतेय, लाळ असेल. ड्रेसिंग वरून कोरडं दिसत होतं. उशीवर मधे फिकट गुलाबी डाग आणि त्याच्या भोवती पाण्याचं कडं होतं, मी मान हळूच वळवली तर कानामागच्या टाक्यांच्या टोकातून एक थेंब आला, स्वच्छ, पाण्यासारखा, पुसला तर परत आला. असं कडं दिसलं म्हणजे सीएसएफच असतं असं नाही, त्याची खात्री लॅबमध्ये बीटा-२ ट्रान्सफेरिन या सीएसएफमध्ये सापडणाऱ्या प्रथिनाच्या टेस्टने होते, पण असा थेंब दिसला की थांबायचं नाही हे नक्की. जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातात. त्या मुलाला त्याच दिवशी जादा टाका घातला आणि पुढे काही झालं नाही, आणि मी तेव्हापासून सगळ्या आयांना उशीवर पांढरा अभ्रा घालायला सांगते, रंगीत आणि फुलाफुलांच्यावर काही दिसत नाही. नाकातून एका बाजूने पाणी येणं, विशेषतः पुढे वाकल्यावर, किंवा मोठं मूल "घशात खारट लागतंय" म्हणत असेल, तर तेही हेच असू शकतं.

टाक्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज आली तर रोज एकाच कोनातून, एकाच वेळी मोबाईलवर फोटो काढा, नुसत्या आठवणीवर "कालच्यापेक्षा मोठी आहे का" हे कोणालाच सांगता येत नाही. सूज कमी होत गेली तर छान. वाढली, ताणली, चकाकायला लागली, तर फोन करा. आणि ती नुसती त्वचेखाली जमलेल्या पाण्याची असेल असं धरून बसू नका, आतलं प्रेशर वाढल्याचीही ती पहिली खूण असू शकते.

तोपर्यंत डोक्यावर जोर येऊ द्यायचा नाही. झोपताना डोकं थोडं उंच, साधारण ३० अंश, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. नाक जोरात शिंकरायचं नाही. शी कडक होऊ द्यायची नाही, ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते पण ऑपरेशननंतरची वेदनाशामक औषधं आणि झोपून राहणं यामुळे पोट हमखास धरतं आणि कुंथलं की डोक्यातलं प्रेशर वाढतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

घरी गेल्यावरचं आता, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पाणी तुंबल्याची लक्षणं पुस्तकात असतात तशी स्पष्ट येतीलच असं नाही. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलटी, नजर दुहेरी होणं, हे मोठ्या मुलात कळतं. छोट्या बाळात टाळू बघा, पण बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना, रडताना तर कोणाचीही टाळू वर येते. डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा, एकाच माणसाने, एकाच टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून मोजा आणि वहीत लिहा. बाळाचे डोळे सारखे खाली वळलेले आणि बुबुळांच्या वर पांढरं दिसायला लागलं तर सरळ इमर्जन्सीला निघा.

पण सगळ्यात फसवणारं लक्षण म्हणजे प्रगती थांबणं. एक मुलगी होती, ऑपरेशननंतर एकही फिट नाही, फिजिओ छान चाललेलं, आधाराने उभी राहायला लागली होती. काही महिन्यांनी जरा सुस्त झाली, दुपारी जास्त झोपायची, उभं केलं की पाय टेकवेना. औषधाची गुंगी असेल, दात येत असतील, कंटाळली असेल, असं सगळ्यांनी म्हणून झालं, डॉक्टरांनी सुद्धा. तिच्या बाबांनी मात्र फिट्सची जुनी वही चालू ठेवली होती, रोज एक ओळ, आज किती वेळ उभी राहिली, किती झोपली, किती खाल्लं. ती वही त्यांनी ओपीडीत टेबलावर उघडून ठेवली आणि उतार सगळ्यांना दिसला. स्कॅनमध्ये व्हेंट्रिकल फुगलेलं निघालं. शंट, म्हणजे ते पाणी आतल्या आत पोटात नेणारी नळी, बसला आणि ती परत उभी राहिली. म्हणून सांगते, मूल शिकलेलं विसरायला लागलं, किंवा बंद झालेल्या फिट्स परत आल्या, तर औषधाचा डोस वाढवायच्या आधी कोणीतरी "पाणी तर नाही ना" हा प्रश्न विचारायला हवा, आणि डॉक्टरांनी नाही विचारला तर तुम्ही विचारा.

शंटची भीती वाटते लोकांना. शंट म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी त्वचेखालून पोटात नेणारी नळी, व्हॉल्व्हसकट. लागला तर लागला, ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. पण तो तुंबू शकतो, मुलांमध्ये पहिल्या वर्षात बऱ्यापैकी वेळा दुरुस्त करावा लागतो, आणि तुंबला की लक्षणं पुन्हा तीच. बाहेरून सेटिंग बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर प्रत्येक एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्या, काही व्हॉल्व्हची सेटिंग त्या चुंबकाने बदलते.

एक गोष्ट डिस्चार्जच्या घाईत सगळे सोडून देतात ती म्हणजे बेसलाइन स्कॅन. या मुलांचा स्कॅन कायमच वेगळा दिसणार, एका बाजूला मोठी पोकळी, पाणीच पाणी. रात्री दोन वाजता अनोळखी हॉस्पिटलमधला डॉक्टर तो बघून एकतर घाबरतो, नाहीतर "यांचं असंच असतं" म्हणून घरी पाठवतो, दोन्ही वाईट. जुना स्कॅन शेजारी ठेवला की एका मिनिटात कळतं पाणी वाढलंय का तेवढंच आहे. म्हणून सगळं शांत असतानाच्या स्कॅनची कॉपी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नाही, फिल्म किंवा फाइल, आणि ती दोघांच्याही मोबाईलवर ठेवा. सोबत एक कागद, ऑपरेशनचं नाव, तारीख, कोणती बाजू, शंट असेल तर व्हॉल्व्हचं नाव आणि सेटिंग, चालू औषधं डोससकट, आणि सर्जनच्या टीमचा नंबर. त्याच्या झेरॉक्स काढा, एक शाळेत, एक आजीआजोबांकडे, एक मुलाच्या दप्तरात, आणि औषध बदललं की सगळीकडचा जुना कागद काढून नवीन ठेवा.